उतारवयातील सोने-चांदी : आधार किती, हव्यास किती?

(आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, सप्टेंबर २०२४ मध्ये, ज्येष्ठ सभासदांसाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आधीच सांगतो, मी काही मोठा अर्थतज्ज्ञ नाही. ३७-३८ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी रायगड जिल्ह्यातल्या लहान शाखांमध्ये. सोनेतारण कर्जाच्या खिडकीमागे बसून लोकांचे दागिने मोजून घेतले आणि मोजून परत दिले. काही परत देता आले नाहीत, त्यांचा लिलाव झाला. तेव्हा आज जे बोलणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि खिडकीतून दिसलेलं जास्त.

विषय निघाला तो जुलैच्या अर्थसंकल्पानंतर. २३ जुलैला सरकारने सोन्या-चांदीवरची कस्टम ड्युटी १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणली आणि एक-दोन दिवसांत तोळ्यामागे चार हजारांच्या आसपास भाव उतरला. लगेच आपल्या कट्ट्यावर चर्चा सुरू झाली. एक सभासद म्हणाले, "काका, एफडी मोडून सगळं सोनं घेऊन टाकू का? म्हातारपणाची काळजीच नको." मी त्यांना म्हटलं, उत्तर दोन मिनिटांत देता येणार नाही, गणपतीत बोलू. तर आज बोलतो.

आपण पळसदरीत राहतो. रात्री सगळं शांत झालं की घाटाकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज येतो. पुढचं इंजिन ओढतं आणि कर्जतला मागून लावलेली इंजिनं ढकलतात. रेल्वेवाले त्या मागच्या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. माझी नातवंडं मला चिडवतात, "आजोबा, तुम्ही पण बँकर!" आता बघा, ती इंजिनं मुंबईपासून लावत नाहीत आणि पुण्यापर्यंत नेतही नाहीत. घाट आला की लावायची, घाट संपला की काढायची. पण ती नसली तर गाडी घाटात अडते.

सोनं म्हणजे म्हातारपणाचं बँकर इंजिन. रोजची गाडी ओढणारं इंजिन वेगळं. ते म्हणजे पेन्शन, व्याज, भाडं. मला आज सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा त्याचाच हिशेब.

आईच्या पाटल्या

आमचे वडील भातशेती करणारे. १९६९ साली मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा फी आणि रेल्वेच्या पासाला पैसे नव्हते. आईने हातातल्या पाटल्या काढल्या. चार तोळ्यांच्या होत्या, म्हणजे जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ ज्याला तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा असतो, हे लक्षात ठेवा. सावकाराकडे त्या गहाण पडल्या, चारशे रुपये मिळाले. मी बी.कॉम. झालो, १९७३ ला बँकेत लागलो आणि १९७५ साली त्या पाटल्या सोडवून आणल्या. आईने हातात घातल्या आणि काही बोलली नाही. चुलीपाशी जाऊन बसली.

त्या पाटल्या विकल्या नव्हत्या. गहाण टाकल्या होत्या. यातला फरक आमच्या आईला कोणी शिकवला नव्हता. सोनं अडचणीच्या वेळी उभं करायचं आणि अडचण गेली की घरी आणायचं, हे आपल्या घराघरातल्या बायकांना ठाऊक असतं.

आणि घरालाच नाही, देशालाही हेच करावं लागलं. १९९१ साली आपल्याकडे परकीय चलन इतकं आटलं की जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. तेव्हा जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून कर्ज उचललं. आम्ही बँकेतली माणसं मान खाली घालून बोलत होतो, देशाचं सोनं गहाण पडलं म्हणून. पण कर्ज फिटलं, देश सावरला. पुढे २००९ साली त्याच रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षात इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं परत भारतात आणलं. म्हणजे देशसुद्धा सोनं ठेवतो ते घाटासाठी. महिन्याचे पगार काही देश सोन्यातून देत नाही.

माझी चूक

आता दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगतो. आजवर ही गोष्ट घराबाहेर सांगितलेली नाही.

मी निवृत्त झालो फेब्रुवारी २०११ मध्ये. ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शनचं कम्युटेशन, सगळे पैसे एकदम हातात आले. आयुष्यात एवढी रक्कम एकत्र पाहिली नव्हती. त्या वेळी चांदी रोज चढत होती. गाडीत, बाजारात, लग्नात, जो तो म्हणत होता, चांदी लाखावर जाणार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी पाच किलो चांदीच्या विटा घेतल्या. किलोला ७२ हजार, म्हणजे ३ लाख ६० हजार रुपये. ज्या माणसाने आयुष्यभर कर्जदारांना 'घाई करू नका' सांगितलं, त्याने घरी विचारलंसुद्धा नाही.

पंधरा दिवस झाले नाहीत तोच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाव कोसळला. म्हटलं, येईल वर. नाही आला. डिसेंबर २०१५ मध्ये सौभाग्यवतींच्या ऑपरेशनची वेळ आली. विम्यातून काही भाग मिळणार होता, तरी हातातले २ लाख ३० हजार लगेच लागणार होते. तेव्हा चांदी होती किलोला ३३ हजारांच्या आसपास. घट-बीट वजा होऊन पाच किलोचे हातात आले १ लाख ५५ हजार. उरलेल्या पाऊण लाखासाठी काय केलं असेल? आईच्या त्याच पाटल्या. बँकेत नेल्या, निव्वळ वजन ४४ ग्रॅम भरलं, पाऊण लाखाचं कर्ज मिळालं. पेन्शनमधून चौदा महिन्यांत फेडलं आणि पाटल्या घरी आल्या.

म्हणजे ४६ वर्षांच्या अंतराने त्याच पाटल्यांनी आधी मुलाची फी भरली आणि मग सुनेचं ऑपरेशन केलं. आणि बँकेतल्या हुशार मुलाची चांदी मात्र निम्म्याहून कमी भावात गेली. ऑपरेशननंतर सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं." ते खरं होतं.

आता कोणी म्हणेल, अहो, सप्टेंबर २०२४ मध्ये चांदी ८५ ते ९० हजारांच्या दरम्यान होती, तोवर ठेवली असती तर? हिशेब करू. ७२ हजारांचे तेरा वर्षांनी ९० हजार धरले तरी वर्षाला जेमतेम पावणेदोन टक्के पडतात. बचत खात्यातसुद्धा याहून जास्त मिळालं असतं.

चांदीचा स्वभावच तसा आहे. निम्म्याहून जास्त चांदी कारखान्यांत, इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि सोलर पॅनेलमध्ये जाते. कारखानदारी थंडावली की चांदी थंडावते. १९८० साली अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी साठवून साठवून भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ नेला. त्याच वर्षी २७ मार्चला तो ११ डॉलरच्या खाली आला. पुन्हा ५० च्या जवळ जायला ३१ वर्षं लागली, २०११ उजाडलं. आणि नेमकी तेव्हाच मी घेतली! हा इतिहास मला त्या वेळी माहीत नव्हता असं नाही. आठवला मात्र नाही.

सोनंसुद्धा झोपतं

सोन्याचं तसं नाही, असं तुम्ही म्हणाल. लांबच्या पल्ल्यात ते खरं आहे. १० ग्रॅमचा वर्षाचा सरासरी भाव बघा. १९७० साली १८४ रुपये, १९८० साली १,३३० रुपये, १९९० साली ३,२०० रुपये, २०१० साली साडेअठरा हजार आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ७२ हजारांच्या आसपास होता. १९९० ते २०२४ चा हिशेब केला तर वर्षाला साधारण साडेनऊ टक्के चक्रवाढीने सोनं वाढलं. वाईट नाही. महागाईला पुरून उरलं.

पण ही वाढ दरवर्षी पगारवाढीसारखी येत नाही. १९९६ मध्ये सरासरी भाव ५,१६० रुपये होता. २००२ मध्ये तो ४,९९० होता. सहा वर्षांत वाढ शून्य, उलट थोडी घटच. त्या काळाच्या सुरुवातीला बँकेच्या मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, त्या दराने पैसे जवळजवळ दुप्पट झाले असते. पुन्हा २०१२ मध्ये भाव होता सुमारे ३१ हजार आणि २०१८ मध्येही सुमारे ३१ हजारच. मधल्या काळात २६ हजारांपर्यंत खाली जाऊन आला. डॉलरचा भाव बघितला तर जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर झालेलं सोनं ती पातळी पुन्हा ओलांडायला २००८ उजाडलं.

तिशीतल्या माणसाला सहा वर्षं थांबता येतं. पंचाहत्तरीतल्या माणसाने औषधांच्या दुकानदाराला काय सांगायचं, "भाव आला की देतो"? सोनं महिन्याला एक पैसा व्याज देत नाही. म्हणून ज्यांना पेन्शन नाही त्यांनी आधी महिन्याची सोय करावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२४ मध्ये ८.२ टक्के व्याज होतं आणि मर्यादा ३० लाख. त्या दराने पूर्ण ३० लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत तेव्हा ७.४ टक्के होते. हे पुढचं इंजिन. ते आधी जोडा.

घ्यायचंच असेल तर कोणत्या रूपात?

पहिली गोष्ट, दागिना हा दागिना आहे, गुंतवणूक नाही. एक उदाहरण घेऊ. २२ कॅरेटची २० ग्रॅमची चेन. ग्रॅमला ६,७०० रुपये धरले तर सोन्याचे झाले १ लाख ३४ हजार. घडणावळ १२ टक्के धरली तर १६,०८० रुपये. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, ४,५०२ रुपये. बिल झालं १ लाख ५४ हजार ५८२ रुपयांचं. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर सोन्याचेच पैसे मिळणार. म्हणजे भाव १५ टक्क्यांनी वाढला की तुम्ही फक्त बरोबरीला येता. सुनेसाठी, नातीसाठी हौसेने घ्या, जरूर घ्या. पण तो खर्च समजा.

दुसरी गोष्ट, हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असायला हव्यात : बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर घालून तपासता येतो. आपल्याला जमत नसेल तर नातवाला सांगा, पण दुकानातच तपासा. आणि पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय तीन टक्के वाचतील" असं कोणी म्हटलं तर दुकानातून उठा.

तिसरी गोष्ट, सरकारी सुवर्ण रोखे. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिली मालिका आली ती ग्रॅमला २,६८४ रुपयांनी. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे ६,१३२ रुपये मिळाले, आणि वर पावणेतीन टक्के व्याज दरवर्षी. घडणावळ नाही, चोरीची भीती नाही. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन मालिका आलेली नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मुदतीपर्यंत ठेवावेत. बाकीच्यांना गोल्ड ईटीएफ आहे. आपल्याकडे २००७ पासून मिळतो, एक-एक युनिट घेता-विकता येतं. डीमॅट खातं लागतं आणि थोडा वार्षिक खर्च कापला जातो.

चौथी गोष्ट, सराफी दुकानांच्या मासिक भिशी योजना. 'अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही.' ही बँकेतली ठेव नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे काहीही नाही. दुकान बंद झालं की पावती हातात राहते. कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे माल देण्यासाठी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत मालात वळता व्हावा लागतो, नाहीतर ती ठेव ठरते. तेव्हा कोणी दोन-तीन वर्षांची योजना दाखवली तर दूर राहा. माझ्या ओळखीच्या एका विधवा बाईंचे मुलीच्या लग्नाचे हप्ते असेच बुडाले. दुकानाचं नाव सांगत नाही, दुकानच आता नाही.

ठेवायचं कुठे, सांगायचं कोणाला?

आपल्या संस्थेत निम्मी घरं आठवडाभर बंद असतात. पावसाळ्यात तर शेजारी दार उघडलं तरी आवाज येत नाही. घरात सोनं ठेवू नका. लॉकर घ्या, पण लॉकर म्हणजे विमा नव्हे हेही जाणा. २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. लॉकर दोघांच्या नावावर घ्या आणि नामनिर्देशन करा.

बँकेत असताना मी पाहिलेलं सर्वांत वाईट दृश्य लिलावाचं नव्हतं. यजमान गेल्यावर लॉकरची किल्ली हातात घेऊन आलेल्या बाईंचं होतं. त्यांना लॉकर कोणत्या शाखेत तेच ठाऊक नव्हतं. किल्लीवर नाव नसतं. तेव्हा आज घरी जाऊन एका वहीत लिहा : काय आहे, किती ग्रॅम, बिल कुठे, लॉकर कुठे, नामनिर्देशन कोणाचं. ती वही बायकोला, किंवा नवऱ्याला, दाखवा. मुलांपैकी एकाला तरी माहिती द्या. कोणता दागिना कोणाला, हे मृत्युपत्रात लिहा. सोन्यावरून भावंडं दुरावलेली मी खिडकीतून पाहिली आहेत.

कराबद्दल दोन शब्द. विवाहित स्त्री ५०० ग्रॅम, अविवाहित २५० आणि पुरुष १०० ग्रॅम, ही सोनं बाळगण्याची मर्यादा नाही. झडतीच्या वेळी एवढे दागिने जप्त करू नयेत अशी १९९४ ची सूचना आहे. वडिलोपार्जित सोनं याहून जास्त असेल तरी चालतं, फक्त पुरावा हवा. विकताना नफ्यावर कर आहे : दोन वर्षांनंतर विकलं तर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के. आईकडून आलेलं जुनं सोनं असेल तर १ एप्रिल २००१ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला घ्यावा.

शेवटी, किती?

माझं मत विचाराल तर अंगावरचे, सणावाराचे दागिने हिशेबात धरू नका. ते सोडून निवृत्तीच्या पुंजीच्या दहा टक्के सोनं, फार तर पंधरा. चांदी शंभरातली दोन-तीन रुपयांची, आणि तीही बुडाली तरी झोप लागेल एवढीच. सोनं एकदम घेऊ नका, तीन-चार वर्षांत थोडं थोडं घ्या. दसरा, पाडवा, अक्षय तृतीया, निमित्त कोणतंही चालेल. सर्वजण एकच भाव बोलत असतील त्या आठवड्यात मात्र घेऊ नका. एफडी मोडून तर कधीच नाही. आणि नवरा-बायकोने एकमेकांना विचारल्याशिवाय नाही, हा नियम मी स्वतः दोन लाखांना विकत घेतला आहे. तुम्हाला फुकट देतो.

ज्या सभासदांनी प्रश्न विचारला होता त्यांनी एफडी मोडली नाही, हे त्यांच्या परवानगीने सांगतो.

आईच्या पाटल्या आज आमच्या सूनबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. ती नोकरी करते, पाटल्या घालत नाही. मी तिला एवढंच सांगितलं आहे की वितळवून नवीन डिझाईन करू नकोस. वजन ४४ ग्रॅम, वहीत लिहून ठेवलं आहे. घाट आला तर लाव. नाहीतर तशाच पुढच्या पिढीला दे.



गणपती बाप्पा मोरया!